दोघांच्या सह्या एका कागदावर कशा आणू?

नमस्कार अक्का,

मी सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला एका कॉलनीत राहते, वय ३९, घरीच शाळेचे गणवेश शिवायचं काम आहे, चार मशिनी आहेत. आमच्याकडे पाणी पाच दिवसाआड येतं, ते पण रात्री दीड-दोनला, आणि शेवटच्या घरांना तर नळातून नुसती हवा येते. जुनी लाईन बारीक आहे, ती बदलून मोठी टाका आणि आमच्या बाजूला वेगळा व्हॉल्व्ह द्या एवढीच आमची मागणी. त्यासाठी पाच जणांची पाणी समिती केली, त्यात मी आहे. समितीत एक काका आहेत ते एका पक्षाचं काम करतात आणि एक अण्णा आहेत ते दुसऱ्या पक्षाचं. वीस वर्षं एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं, पण गेल्या निवडणुकीपासून बोलणं बंद. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन ग्रुप झाले. दोघांनी महापालिकेच्या झोन ऑफिसला दोन वेगळी निवेदनं दिली, आपापल्या नेत्याच्या लेटरहेडवर, आणि तिथल्या साहेबांनी सांगितलं आधी तुमच्यात ठरवा मग या. त्याला सात महिने झाले. माझे मिस्टर काकांच्या बाजूचे आणि दीर अण्णांबरोबर फिरतो, त्यामुळे घरात पण जेवताना वाद. त्यात दोघांपैकी एकाने मला हळूच सांगितलं, सही देतो पण मागच्या गल्लीचं नाव कागदातून काढा. तिथे नऊ घरं आहेत, बहुतेक मुस्लिम, टॉवेल कारखान्यात जाणारी आणि रिक्षावाली. मला तेव्हा काय बोलावं सुचलंच नाही. मिस्टर म्हणतात तू समिती सोड, राजकारण आपलं काम नाही. अक्का, या दोघांना परत एकत्र आणायचा काही मार्ग आहे का, का सोडून देऊ?

एक वाचक

अगं, तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि सकाळी चहा ठेवता ठेवता परत वाचलं. समिती सोडू नको, हे आधीच सांगून टाकते म्हणजे खालचं वाचताना ते तुझ्या डोक्यात घोळत राहणार नाही. काका पण तुझ्याशी बोलतात आणि अण्णा पण तुझ्याशी बोलतात, असं समितीत दुसरं कुणी असल्याचं तुझ्या पत्रात तरी दिसत नाही, तू निघालीस तर उरलेल्या चौघांत दोन-दोन होणार आणि मग कागद हलायचाच नाही.

आता तू विचारलेलं. दोघांना परत एकत्र आणायचं म्हणतेस. मला वाटतं तू एका वेळी दोन कामं अंगावर घेतलीयस, एक लाईन बदलून घ्यायचं आणि दुसरं वीस वर्षांची मैत्री जोडून द्यायचं. दुसरं काम तुझ्या हातातलं नाही गं. ते दोघं निवडणुकीवरून भांडले, एकमेकांना जे बोलायचं ते बोलून बसले, त्याचं काय करायचं ते त्यांचे ते बघतील, नाहीतर नाही बघणार. तुला लागतायत एका कागदावर दोन सह्या, तेवढंच धरून चल. त्यांना एका पंगतीला बसवायला जाशील तर सह्या पण हातच्या जातील.

माझ्या लहानपणीचं सांगते, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखं तेच आठवत होतं. आमचं घर पूर्व भागात, बोळात. आई विड्या वळायची, दिवसाला हजार, वडील मागावर. बोळात एकच सरकारी नळ, तो पण उन्हाळ्यात कोरडा, म्हणून हातपंप मंजूर झाला. एका पक्षाच्या माणसाने खटपट करून बोअर मारून घेतला, दुसऱ्या पक्षाच्या माणसाने सिमेंटचा कट्टा बांधून दिला, आणि मग त्या एवढ्याशा कट्ट्यावर दोन पाट्या बसल्या, एक पुढून एक मागून. आठवड्यात पुढच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. मग दोन दिवसांनी सकाळी बायका घागरी घेऊन गेल्या तर पंपाचा दांडा नुसताच वर-खाली होतोय, आतली साखळी गायब. मी नऊ वर्षांची असेन. दांडा हलवला की लोखंडाचा खडखडाट व्हायचा आणि तोटीतून थेंब नाही, तो आवाज मला अजून ऐकू येतो. नंतर पोरं त्या दांड्याला लोंबकळून झोके घ्यायला लागली. जवळजवळ वर्षभर तो तसाच राहिला आणि माझी आई पहाटे चारला उठून दोन गल्ल्या पलीकडून पाणी आणायची, आणून झालं की मांडीवर सूप घेऊन बसायची, कारण विडी कारखान्याच्या ब्रँचला माल वेळेत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पान-तंबाखूची पंचाईत, आणि घाईत वळलेल्या विड्या छाट, म्हणजे नापास, निघाल्या की तेवढी मजुरी गेलीच.

पुढं खूप वर्षांनी, मी शाळेत शिकवायला लागले होते, तेव्हा शेजारचे एक मामा आजारी होते म्हणून बघायला गेले. वडिलांच्या विरुद्ध पक्षातले. बोलता बोलता ते म्हणाले, ती साखळी कुणाच्या घरात आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुझी आई घागर घेऊन जाताना दिसायची तेव्हा जीव तुटायचा, पण मी आणून दिली असती तर आमचीच पोरं मला फितूर म्हणाली असती. एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी तिथे बसून राहिले, मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

वडिलांच्या पक्षाला मामा भीत नव्हते, ते स्वतःच्याच माणसांना भीत होते. आणि मला वाटतं तुझ्या काकांचं आणि अण्णांचं पण असंच काहीतरी असणार. तुला दिसतंय की काका अण्णांवर रागावलेत म्हणून सही देत नाहीत. राग असेलच. पण त्यांच्या मागे दुसऱ्या ग्रुपवर वीस-पंचवीस जण बसलेत, ते म्हणणार काय काका, सेटिंग झालं का. त्या एका वाक्याला ती वयस्कर माणसं किती घाबरून असतात ते आपल्याला बाहेरून कळत नाही. तीस-तीस वर्षं सतरंज्या उचलल्या, पोस्टरं लावली, त्यातून एक ओळख मिळाली, आणि ती एका सहीने जायची भीती.

हे मोठ्या माणसांना पण चुकलेलं नाही. कुंभारीचं रे नगर तू बघितलं असशील. असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची योजना, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर, कचरा वेचणाऱ्या बाया यांच्यासाठी. त्यामागे माजी आमदार नरसय्या आडम, आपले आडम मास्तर, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. आणि पैसे पंतप्रधान आवास योजनेतले, घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, उरलेले त्या कामगारांनी स्वतः भरायचे. म्हणजे एकीकडे लाल बावटा आणि दुसरीकडे भाजपचं सरकार, ज्यांचं कुठल्याच गोष्टीवर पटत नाही. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान मोदी पायाभरणीला सोलापुरात आले, मास्तरांनी तिथे त्यांचं जाहीर कौतुक केलं, आणि त्यावरून मास्तरांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. विरोधकाने नाही हं, स्वतःच्या पक्षाने. पक्षाला शिस्त लागते हे मला समजतं, आमच्या घरात लाल बावटाच होता. पण जिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं दार मिळणार होतं त्या बाईच्या जागी उभं राहून बघितलं तर मला मास्तरांचंच बरोबर वाटतं. १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांचा ताबा दिला, तो पण मोदींच्याच हस्ते, आणि मास्तर त्यानंतरही कम्युनिस्टच राहिले, लाल झेंड्यावरच निवडणूक लढले. काम एका ठिकाणी आणि विचार दुसऱ्या ठिकाणी असं ठेवता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते, ती आधी ओळखून घ्यावी एवढंच मला म्हणायचंय.

म्हणून तू असं कर. काकांकडे वेगळी जा, अण्णांकडे वेगळी जा, दोघांना समोरासमोर बसवू नको आणि ग्रुपवर तर एक अक्षर टाकू नको. आणि सही द्या म्हणून सुरुवात पण करू नको. विचार, काका, समजा तुम्ही सही केली तर तुम्हाला कोण काय बोलेल? आणि मग गप्प बस. पहिल्यांदा म्हणतील मला कोण काय बोलणार, मी कुणाला भीत नाही. बोलू दे. चहा पिऊन होईपर्यंत खरं बाहेर येईल, अमुक साहेबांना वाटेल मी तिकडे चाललो, तमुक पोरगा स्क्रीनशॉट टाकेल, पुढच्या वेळेला बूथ दुसऱ्याला देतील, असं काहीतरी ठोस निघेल. ते निघालं की तुझं निम्मं काम झालं, कारण मग कागद कसा लिहायचा ते तुला कळतं. लेटरहेडची अडचण असेल तर कोऱ्या कागदावर लिही, कुठल्याच नेत्याचं नाव नको, वर नुसतं कॉलनीचं नाव आणि समस्त रहिवासी. आपल्या साहेबांना अंधारात ठेवलं असं वाटायची भीती असेल तर निवेदनाची एक प्रत काकांनीच त्यांच्या साहेबांना नेऊन द्यावी, एक अण्णांनी त्यांच्या साहेबांना, एकाच दिवशी. स्क्रीनशॉटची भीती असेल तर दोन्ही ग्रुपवर एकाच वेळी एकच मेसेज जाऊ दे, शब्द न शब्द सारखा, आणि तो तू टाक.

दोन निवेदनांचं काय होतं ते मी शाळेच्या कामासाठी ऑफिसात चकरा मारताना पुष्कळ बघितलंय. दोन नेत्यांची दोन पत्रं एकाच कामासाठी आली की टेबलावरचा माणूस दोन्ही बाजूला ठेवतो, कारण एकाचं धरलं की दुसरा फोन करणार. त्यात आपल्याकडे बहुतेक प्रभाग चार-चार नगरसेवकांचे. २०१७ ला २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडून आले, म्हणजे एका गल्लीला चार-चार दारं, आणि त्या चारांत पक्ष वेगळे असू शकतात. काम झालं की चौघांचे डिजिटल फलक लागतात आणि नाही झालं की प्रत्येकजण म्हणतो तो विषय माझ्याकडे नाही. मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर तर बराच काळ प्रशासकच होते, जाब विचारायला नगरसेवक पण नव्हता. अशा वेळी ऑफिसवर वजन पडतं ते नेत्याच्या सहीचं कमी आणि सगळी कॉलनी एका कागदावर आहे याचं जास्त, कारण मग साहेबाला कुणाला नाराज करायची भीती उरत नाही.

आणि काकांना-अण्णांना एक गोष्ट शांतपणे सांगता आली तर सांग. आमदार-खासदारांना १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, सभागृहात पक्षाचा व्हीप मोडून मत दिलं तर पद जाऊ शकतं. नगरसेवकांना पण १९८६ च्या राज्याच्या कायद्याने तसंच. त्यांचे हात बांधलेले असतात हे आपण समजू शकतो. पण तुमच्या कॉलनीत कसला व्हीप गं? पाण्याच्या लाईनवर सही केली म्हणून कुठला कायदा काकांना धरणार नाही. जी बंधनं वरच्यांना कायद्याने आहेत ती हे दोघं आपणहून गळ्यात घालून बसलेत.

वरची माणसं तर काय, नोव्हेंबर २०१९ ला कोण कुणाबरोबर गेलं, जून २०२२ ला काय झालं, जुलै २०२३ ला काय झालं, सगळं आपण टीव्हीवर बघितलंय. कालपर्यंत एकमेकांवर तुटून पडणारे एका मंचावर बसले आणि खाली गल्लीत त्यांच्यासाठी भांडलेल्यांचं बोलणं अजून बंद आहे. मला याचं फार वाईट वाटतं, खरंच. पण हे काकांना तोंडावर सुनावू नको. त्यांना ते माहीत आहे आणि ते आतून दुखतंय, त्यावर बोट ठेवलंस तर ते उठून जातील.

आता श्रेयाचं. खरी गाठ इथेच आहे. तुला आठवत असेल, २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतलं ५ टीएमसी पाणी इंदापूरच्या बाजूला न्यायच्या योजनेच्या सर्वेक्षणाचा आदेश निघाला होता आणि आपल्या जिल्ह्यात केवढा गदारोळ झाला. सत्तेतले, विरोधातले, शेतकरी संघटनावाले सगळेच विरोधात उतरले, आणि मे महिन्यात तो आदेश रद्द करावा लागला. तेव्हा बरं सगळे एक झाले. पण तेच ११७ टीएमसीचं उजनी धरण भरतं आणि शहराला रोज पाणी यावं म्हणून हीच सगळी माणसं एका कागदावर कधी दिसतात? नको म्हणायला एकत्र येणं सोपं जातं, नको म्हटल्यावर कोनशिला बसत नाही, नारळ कुणी फोडायचा हा प्रश्न येत नाही. हवं म्हटलं की काहीतरी उभं राहतं आणि त्यावर कुणाचं तरी नाव लागतं. तुमच्या लाईनचं नेमकं तेच झालंय, लाईन टाकायला कुणाचाच विरोध नाही, ती कुणी आणली म्हणायचं यावर अडलंय.

तर हे काम व्हायच्या आधी ठरवून टाक, नंतर नाही. आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत बघ ना. सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, प्रत्येक काठीचा मानकरी वेगळा, समाज वेगळे, गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नसते. पण पहिली काठी कुणाची, मागे कुणाची, हे त्या दिवशी रस्त्यात ठरवायची वेळ येत नाही, ते आधीपासून ठरलेलं असतं, म्हणून सगळे मिळून हर्र बोला हर्र म्हणू शकतात. तुम्ही पण असंच कागदावर मांडून घ्या. कोनशिला नको, हे पहिलं, आमच्या त्या कट्ट्यानंतर मला पाटी दिसली की भीतीच वाटते. नारळ फोडायचाच असेल तर कॉलनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातून फोडा. डिजिटल लावायचा असेल तर एकच, त्यावर फोटो कुणाचाच नको, रहिवाशांच्या प्रयत्नाने असं लिहा. आणि आपापल्या फेसबुकवर काकांनी लिहावं आमच्या पाठपुराव्याने झालं, अण्णांनी पण लिहावं आमच्या पाठपुराव्याने झालं, दोघांनी एकमेकांच्या पोस्टखाली काही लिहायचं नाही. हे शेवटचं तुला खोटं वाटेल, पण दोघांनीही सात महिने हेलपाटे घातलेत, दोघांचा पाठपुरावा खराच आहे. त्यांना ते म्हणू दे, तुझं काय जातं? नळाला पाणी आल्यावर कोणती पोस्ट खरी हे विचारायला कुणी येत नाही.

आता मागच्या गल्लीचं. इथं मी तुला काही ॲडजस्ट कर म्हणणार नाही.

ज्याने सांगितलं नऊ घरांचं नाव काढा, त्याची सही त्या अटीवर घेऊ नको. काम दोन महिने उशिरा झालं तरी चालेल, एक सही कमी पडली तरी चालेल. एवढा वेळ मी तुला सांगतेय की समोरच्याची अडचण समजून घे, त्याला वाट करून दे, पण ती अडचण वेगळी आणि ही वेगळी. काकांना त्यांच्या साहेबांची भीती वाटते ही अडचण झाली, तिच्यातून मार्ग निघतो. शेजारच्या नऊ घरांतली लेकरं तहानलेली राहू देत म्हणजे मी सही देतो, याला राजकीय मतभेद म्हणत नाहीत. आणि तू एकदा नाव काढलंस की पुढच्या वेळेला तुझ्या गल्लीचं नाव काढायची अट कुणीतरी घालणारच, कारण नाव काढलं तर चालतं हे तूच दाखवून दिलेलं असणार. शिवाय नकाशा बघ, मागच्या गल्लीची लाईन जर तुमच्याच लाईनवरून पुढं जात असेल तर तिला वगळून काम करणं इंजिनिअरला पण अवघड जाईल, उद्या परत रस्ता खणावा लागेल.

त्या माणसाला कसं सांगायचं? चारचौघात नको, अपमान केलास तर तो तेच धरून बसेल. एकटा गाठ आणि सरळ म्हण, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणार पण नाही, पण ते कागदावर येणार नाही. बस. कारणं देऊ नको, वाद घालू नको. बऱ्याचदा माणूस असलं काहीतरी बोलून जातो कारण त्याच्या ग्रुपवर दिवसभर तेच चाललेलं असतं, आणि कुणीतरी तोंडावर नाही म्हटलं की तो मागे सरकतो. नाही सरकला तर त्याच्याशिवाय जा. आणि तू स्वतः एकदा मागच्या गल्लीत जाऊन ये. तुझ्या पत्रात त्या नऊ घरांबद्दल सगळं आहे, पण त्यांच्यापैकी कुणाशी तू या कामाबद्दल बोललीस असं कुठे दिसलं नाही. टॉवेल कारखान्यात रात्रपाळी असते, पाणी रात्री दोनला आलं तर तिथल्या घरात भरायला कोण असतं? ते विचार. कदाचित समितीत सहावं माणूस तिथून घ्यायला हवं.

घरातलं थोडक्यात सांगते कारण ते त्यामानाने सोपं आहे. मिस्टर आणि दीर जेवताना भांडतात, भांडू देत, फक्त जेवायच्या वेळी फोन उलटा ठेवायचा एवढा नियम कर, निम्मे वाद समोरच्या माणसाशी नसतातच, नुकत्याच आलेल्या फॉरवर्डशी असतात. राजकारण आपलं काम नाही असं मिस्टर म्हणाले त्यावर मला राग आला होता, मग विचार केला, रात्री दोनला मोटर लावायला कोण उठतं तुमच्याकडे? तूच उठत असणार. मग लाईन कशी यावी हे ठरवायला तू बसायचं नाही तर कुणी? हे त्यांना भांडून नको, एक दिवस त्यांनाच पाण्याला उठव. बॅरल, हौद, वरची टाकी, पाईप इकडून काढून तिकडे लावायचा, मध्येच प्रेशर गेलं की परत मोटर बंद करायची, आणि सकाळी सहाला गणवेशाची ऑर्डर. एकदा केलं की त्यांच्या लक्षात येईल. दिराला पण उठव, दोघं भाऊ एका पाईपला.

ऑफिसचं काम दोन्ही सह्या व्हायच्या आधीच सुरू कर. ती जी दोन जुनी निवेदनं आहेत त्यांची पोच दोघांकडून मागून घे, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख असेल. त्यावरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचार की या दोन निवेदनांवर काय शेरा मारला, जागेची पाहणी झाली का, अंदाजपत्रक केलं का, सध्याची लाईन किती व्यासाची आहे आणि किती घरांसाठी टाकलेली. अर्ज तुझ्या एकटीच्या नावाने टाक, समितीच्या नावाने नको, म्हणजे परत सह्यांचा घोळ नाही. याचा एक मोठा फायदा असा की उत्तर आलं की काकांकडे आणि अण्णांकडे तोच कागद जातो. इतके दिवस दोघं आपापल्या साहेबांनी सांगितलेलं खरं मानून बसलेत, एकाला सांगितलंय मंजूर झालंय, दुसऱ्याला सांगितलंय पहिल्याने अडवलं. ऑफिसच्या शिक्क्याचं उत्तर हातात आल्यावर त्यांच्या भांडणातला निदान तेवढा भाग तरी मिटेल. पूनम गेटसमोर धरणं धरायचा विचार कुणी काढला तर आत्ता नको म्हण, कागद हातात यायच्या आधी धरण्याला बसलात की माईक कुणाच्या हातात यावरून परत सुरू होईल.

सह्यांचा कागद तयार झाला की एक वाद नक्की येणार, पहिली सही कुणाची. काकांनी पहिली केली तर अण्णा खाली करणार नाहीत आणि अण्णांनी केली तर काका. तर सह्या घर नंबरप्रमाणे घ्या, मागच्या गल्लीचे नऊ नंबर त्यातच ओळीने, वेगळं पान नको. घर नंबर एक कुणाचं आहे ते तू पत्रात लिहिलं नाहीस, पण ज्यांचं असेल त्यांच्याकडे उद्या सकाळी आधी जा, आणि जाताना दोन पेन घेऊन जा.

— अक्का